‘कर’ तेवढे उरले

हार्बर मार्गावरच्या रे रोड स्टेशनावर कामाशिवाय सहसा कोणी उतरत नाही. नातेवाइकांना मुंबई दाखवायला निघालेला माणूस त्यांना गेटवेला नेतो, राणीच्या बागेत नेतो, फार तर शिवडीला रोहित पक्षी दाखवतो. पण ‘चला, रे रोड पाहून येऊ’ असे म्हणालेला यजमान माझ्या पाहण्यात नाही. स्टेशनाची जुनी दगडी भिंत, पूर्वेला गोदामे, लाकडाच्या आणि लोखंडाच्या वखारी, त्यांच्यापलीकडे दारूखाना आणि मग बंदर. रस्त्यावर माणसांपेक्षा ट्रक जास्त. २०२५ मध्ये रुळांवरून नवा, तारांनी तोललेला पूल झाला, त्यामुळे वरून जाणाऱ्याला तर आता रे रोड लागलाच असे जाणवत नाही.

तरी या स्टेशनाला इतिहास आहे, आणि तो थोडाथोडका नाही. १२ डिसेंबर १९१० रोजी हार्बरची पहिली गाडी धावली ती कुर्ल्याहून रे रोडपर्यंत. पुढे बोरीबंदरपर्यंत मार्ग जोडला जाईपर्यंत लोकलचा शेवट इथेच होता. ३ फेब्रुवारी १९२५ ला देशातली पहिली विजेची गाडी बोरीबंदराहून कुर्ल्याला गेली, तीही याच फलाटावरून. ज्याच्या नावाने हा रस्ता झाला तो लॉर्ड रे १८८५ ते १८९० या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. त्याच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग आर, ई, ए, वाय असे चार अक्षरांचे, आणि उच्चार मात्र नुसता ‘रे’. रस्त्याचे नाव आता बॅरिस्टर नाथ पै मार्ग आहे. कोकणाने लोकसभेत पाठवलेला तो अमोघ वक्ता १९७१ मध्ये अकाली गेला. पाटीवर त्यांचे नाव, तोंडात मात्र ‘रे’. नावे लिहिली जातात एक आणि बोलली जातात दुसरीच, हे इथे पायरीपायरीवर दिसते. मी ज्या कामासाठी रे रोडला जाऊ लागले तेही एका नावाचेच होते.

पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या विमानदलातून लढलेल्या भारतीय वैमानिकांची गोष्ट सांगताना नेहमी चार नावे घेतली जातात. हरदित सिंग मलिक हा ऑक्सफर्डचा विद्यार्थी. भारतीय म्हणून त्याला विमानदलात कमिशन मिळेना, तेव्हा तो फ्रेंच रेडक्रॉसची रुग्णवाहिका चालवू लागला. अखेर त्याच्या ऑक्सफर्डच्या गुरूंनी थेट जनरल हेंडरसन यांना पत्र लिहिले आणि १९१७ च्या एप्रिलमध्ये त्याला प्रवेश मिळाला. तो वाचला, आणि पुढे स्वतंत्र भारताचा फ्रान्समधला राजदूत झाला. दुसरा इंद्रलाल रॉय. १९१८ च्या जुलैत अवघ्या तेरा दिवसांत दहा हवाई विजय मिळवून २२ जुलैला तो पडला. वय एकोणीस. तिसरा एरल चंदर सेन. तो १९१७ मध्ये शत्रूच्या हाती सापडला आणि युद्धकैदी झाला. आणि चौथा मुंबईचा. इंग्रजी कागदांत त्याचे नाव ‘श्री कृष्ण सी. वेलिणकर’ असे पडले आहे.

मी कॉलेजात मराठी शिकवते. आडनावे हा माझ्या वर्गातला दरवर्षीचा एक तास. त्यामुळे बाकीच्या तिघांची शौर्यकथा वाचून मी पुढे गेले असते, पण या चौथ्या नावापाशी थांबले. ‘श्रीकृष्ण’ या सलग नावाचे दोन तुकडे कोणी केले? ज्या कारकुनाला ‘श्री’ आणि ‘कृष्ण’ ही दोन नावे वाटली, त्याने या मुलाच्या घरी त्याला कशी हाक मारतात हे कधी ऐकले नसणार. नाव तुटले म्हणजे माणूस हरवायला सुरुवात झाली, असे मला वाटले, आणि पुढे जे वाचायला मिळाले त्यात ते शब्दशः खरे निघाले.

ठाऊक आहे ते असे. वेलिणकर केंब्रिजच्या जीझस कॉलेजात शिकला. युद्ध सुरू असताना विमानदलात गेला, लेफ्टनंट झाला, आणि फ्रान्समध्ये सॉपविथ डॉल्फिन जातीचे विमान चालवू लागला. या विमानाची रचना चमत्कारिक होती. वरचा पंख खालच्या पंखापेक्षा मागे सरकवलेला, आणि वैमानिकाचे डोके वरच्या पंखाच्या सांगाड्यातून बाहेर आलेले. त्यामुळे चौफेर दिसे छान; पण उतरताना विमान उलटले तर पहिला मार मानेवर, म्हणून नव्या वैमानिकांना त्याची धास्ती असे. २७ जून १९१८ रोजी वेलिणकर असे एक विमान घेऊन गस्तीवर गेला आणि परतला नाही. 

युद्धखात्याच्या भाषेत तो ‘बेपत्ता’ झाला. हा शब्द आपल्या घरांत किती जड आहे ते वाचकांना सांगायला नको. मृत्यूची बातमी आली तर रडता येते, दहावे-बारावे करता येते. बेपत्ता माणसासाठी काय करायचे? आपल्याकडे जुन्या रूढीने बारा वर्षे वाट पाहत, आणि मग पळसाच्या पानांची आकृती करून तिला अग्नी देत. म्हणजे बारा वर्षे कुंकवाचे आणि सुतकाचे दोन्ही प्रश्न दारात ताटकळत उभे. फ्रान्सच्या त्या उन्हाळ्यात असे ‘बेपत्ता’ हजारोंनी होते, आणि प्रत्येकाच्या घरी कोणीतरी पोस्टमनची वाट पाहत होते.

* * *

अशा माणसाचा मुंबईत माग काढायचा तर कुठे जावे? माझ्या मनाने एक नकाशा केला, आणि गंमत अशी की तो सगळा हार्बरच्या एकाच तिकिटात बसला. एका बाजूला शिवडी, तिथे गोऱ्यांचे जुने कबरस्तान. दुसऱ्या बाजूला मशीद, तिथे युद्धात बुडालेल्या खलाशांचे स्मारक. आणि मध्ये रे रोड, म्हणजे दारूखाना. दारूखान्यात जाण्याचे कारण थोडे वेगळे होते.

पहिल्या महायुद्धात जे मेले त्यांच्या जवळच्या नातेवाइकांना इंग्रज सरकारने काशाची एक गोल तबकडी पाठवली होती. सुमारे बारा सेंटिमीटर व्यासाची, म्हणजे आपल्या लहान ताटलीएवढी. तिच्यावर त्रिशूळ घेतलेली ब्रिटानिया, पुढे सिंह, बाजूला दोन डॉल्फिन मासे, आणि एका चौकटीत मृताचे नाव. हुद्दा मुद्दामच घातलेला नसे. जनरल असो की शिपाई, नुसते नाव. अशा तेरा लाखांहून अधिक तबकड्या वाटल्या गेल्या. इंग्लंडमधले लोक तिला कडवटपणे ‘मेलेल्याचा पैसा’ म्हणत. हिंदुस्थानातल्या कितीतरी घरांतही त्या आल्या. पुढे घरे बदलली, वाटण्या झाल्या, वाडे पडले. आणि पितळ-काशाची वस्तू शेवटी जिथे जाते तिथे त्या गेल्या. मुंबईत मोडीचा बाजार म्हटला की लोक दारूखान्याकडे बोट दाखवतात.

दारूखान्याच्या नावातली ‘दारू’ पिण्याची नव्हे, तोफेची. माझगावच्या या बाजूला बंदुकीची दारू तयार होई, ठेवली जाई. ती गेली, नाव राहिले. नंतर इथे जहाजे मोडण्याचा धंदा आला. भरतीला जहाज किनाऱ्यावर चढवायचे, ओहोटीला त्याच्यावर गॅसच्या ज्योती घेऊन माणसे चढायची, आणि काही महिन्यांत नांगरापासून स्वयंपाकघरातल्या कपबश्यांपर्यंत सगळे निरनिराळ्या दुकानांत. २०१४ च्या अखेरीस ‘विक्रांत’ इथेच मोडायला काढली. आपल्या देशाची पहिली विमानवाहू नौका. १९७१ च्या युद्धात तिच्यावरून उडालेल्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बझारवर हल्ले केले होते. त्या नौकेचे पोलाद वितळवून पुढे मोटारसायकलींत घातले गेले. जिच्या डेकवरून वैमानिक आकाशात गेले ती शेवटी रे रोडच्या चिखलात किलोवर मोजली गेली.

एका दुकानात जहाजांची घड्याळे, कंदील, गोल खिडक्यांच्या पितळी चौकटी मांडून ठेवलेल्या होत्या. मालक पन्नाशीचे, बोलायला मोकळे. मी तबकडीचे वर्णन केले, हाताने आकार दाखवला. ते म्हणाले, “मॅडम, अशी थाळी वडिलांच्या वेळेला यायची. आता नाही येत.”

“तिच्यावर नाव असायचे. कोणाची होती ते पाहत होता का तुम्ही?”

“नाव बघून कोण घेतो? आम्ही वजन बघतो.”

त्यांच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता. धंद्याचा नियम त्यांनी सांगितला. मग जरा थांबून म्हणाले, “पण एक सांगू? वडील नाव असलेली वस्तू लगेच भट्टीत नाही टाकायचे. दोन-चार महिने ठेवायचे. म्हणायचे, कोणी शोधत आला तर?” आणि त्यांनी मला चहा पाजला.

मी शोधत आले होते, पण शंभर वर्षे उशिरा. तबकडी मिळाली नाही. तरी ‘कोणी शोधत आला तर?’ हे वाक्य मी वहीत टिपून ठेवले. पुढच्या सगळ्या शोधात मला त्याच्याहून चांगले वाक्य मिळालेले नाही.

* * *

रे रोडहून दोन स्टेशने पलीकडे शिवडी. तिथले कबरस्तान मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या काळातले. बोरीबंदर स्टेशनाची भव्य इमारत उभारणारे एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स इथेच पुरलेले आहेत. वेलिणकर काही इथे असणार नव्हता. मला पाहायचे होते ते एवढेच की त्या युद्धाचे मेलेले या शहराने कसे ठेवले आहेत. तर ते इथे नाहीतच. पहिल्या महायुद्धातल्या ६२९ सैनिकांचे अवशेष १९६२ च्या जून महिन्यात शिवडीहून काढून पुण्याजवळ खडकीला नेले गेले. तिथल्या युद्धस्मारकावर त्यांची नावे आहेत. जिवंतपणी ही माणसे आगबोटीने मुंबईला आली असतील, आजारी पडून वा जखमी होऊन इथे मेली, आणि चव्वेचाळीस वर्षांनी घाट चढून गेली. मेलेल्यांनाही बदल्या चुकत नाहीत.

उलट दिशेला मशीद बंदर. गाडी डॉकयार्ड रोड सोडते तेव्हा डाव्या हाताला गोद्यांचा मुलूख असतो. तिथे व्हिक्टोरिया गोदीत १४ एप्रिल १९४४ च्या दुपारी ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज फुटले. शेकडो माणसे गेली. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक जवान गेले. त्या जहाजात कापसाच्या गाठी, सोन्याच्या विटा आणि दारूगोळा होता हे सर्वांना माहीत असते. त्याच्या पोटात खोक्यांत भरलेली स्पिटफायर विमानेही होती. युद्धासाठी आलेली ती विमाने कधी न उडताच मुंबईत जळाली.

मशीदला भारतीय खलाशांचे वसतिगृह आहे आणि तिथे पहिल्या महायुद्धात मेलेल्या दोन हजारांवर खलाशांचे स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धातल्यांची नोंदवही आहे. तिच्यात सहा हजारांवर नावे. यातली बहुतेक व्यापारी जहाजांवरची माणसे. कोळसा ओढणारे, भट्टीपुढे उभे राहणारे, स्वयंपाकी, सुकाणूवाले. कोकणातल्या बंदरांनी पिढ्यान्‌पिढ्या अशी माणसे समुद्राला दिली. त्यांची कबर म्हणजे समुद्र, तेव्हा नाव हेच त्यांचे सर्वस्व. आणि ती नावे कुठल्यातरी आगबोट कंपनीच्या कारकुनाने घाईघाईत ऐकून इंग्रजीत उतरलेली. एकट्याच नावाची, बापाचे नाव नसलेली, गाव नसलेली माणसे तिथे रांगेने आहेत. रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गातल्या एखाद्या घरात ‘आमचे पणजोबा बोटीवर गेले ते आलेच नाहीत’ एवढीच गोष्ट उरलेली असते. त्या गोष्टीचे दुसरे टोक मशीद बंदरला असू शकते, पण दोन्ही टोके जोडायला दोन्हींकडे नाव एकच असावे लागते.

* * *

आता वेलिणकराच्या नावाचे काय झाले ते सांगते.

युद्ध संपल्यावर बार्टन नावाच्या एका कर्नलने त्याच्या शोधाचा पाठपुरावा केला. चौकशीअंती कळले ते असे: वेलिणकर आकाशात मेला नव्हता. विमान पडल्यावर तो जखमी अवस्थेत जर्मनांच्या हाती लागला, त्यांच्या इस्पितळात तीन दिवस होता, आणि ३० जून १९१८ रोजी वारला. जर्मनांनी त्याला रीतसर पुरले, वर खूण केली, आणि खुणेवर नाव घातले: ‘ओबरलॉयटनंट एस. सी. वुमकर’.

‘ओबरलॉयटनंट’ हा जर्मन सैन्यातला हुद्दा. शत्रूने त्याला आपल्याकडचा दर्जा दिला, हे एका परीने सभ्यपणाचेच. पण ‘वुमकर’? मी त्या रात्री घरी कागदावर इंग्रजीत ते आडनाव घसटत्या अक्षरांत दहा-बारा वेळा लिहून पाहिले. पहिले अक्षर डब्ल्यू, ते दोन्हींत आहे. मधली ई, एल, आय, एन ही चार अक्षरे घाईत, मोडक्या टाकाने, एकमेकांना चिकटवून लिहिली तर नुसत्या उभ्या काठ्यांची रांग दिसते, आणि अनोळखी डोळ्याला ती यू आणि एम अशी वाचता येते. हुद्द्याच्या कागदावरून, खिशातल्या एखाद्या पत्रावरून किंवा दुसऱ्याच कोणाच्या टिपणावरून ते उतरले असेल. चूक मात्र अशी समजण्यासारखी. आणि शेवटी के, ए, आर. ‘कर’. ते जसेच्या तसे राहिले.

वाचकहो, माझ्या शोधातला हाच क्षण मला सर्वांत मोलाचा वाटतो. त्या माणसाचे पहिले नाव तुटले, मधले अक्षर उरले, आडनावाचा गाभा वितळला. पण ‘कर’ राहिले. आणि ‘कर’ म्हणजे काय? अमुक गावचा. पुण्याचा तो पुणेकर, चिपळूणचा तो चिपळूणकर. दुसऱ्या कुठल्याही भाषेच्या माणसाला ती तीन इंग्रजी अक्षरे म्हणजे एक आवाज. पण मराठी किंवा कोंकणी माणसाने ते ऐकले की तो पहिला प्रश्न विचारणार, ‘वुम हे गाव कुठले?’ असे गाव नाही, हे त्याच्या लगेच ध्यानात येणार, आणि मग तो जवळपासची गावे आठवू लागणार. हरवलेल्या माणसाच्या गळ्यात घराचा पत्ता अर्धा पुसला तरी ‘हा आमच्याकडचा आहे’ एवढे त्या ‘कर’ने सांगून ठेवले होते.

गाव आठवायला फार लांब जावे लागत नाही. गोव्यात फोंडा तालुक्यात वेलिंग आहे. तिथे लक्ष्मीनृसिंहाचे प्रसिद्ध देवालय आहे. हा देवही मूळचा तिथला नव्हे. पोर्तुगिजांच्या धामधुमीत, १५६७ च्या सुमारास, भक्तांनी त्याला सांखवाळहून नदीपलीकडे आणले. देव गाव बदलून आला. त्या गावावरून आडनाव घेतलेली माणसे पुढे मुंबईला आली. आणि त्या आडनावाचा एक मुलगा विलायतेला जाऊन फ्रान्सच्या मातीत पडला. प्रत्येक मुक्कामात मागे राहिले ते नाव.

वुमकर म्हणजेच वेलिणकर हे ठरल्यावर त्याची कबर खऱ्या नावाने नोंदली गेली. आज तो उत्तर फ्रान्समध्ये, आमियाँ शहराच्या आग्नेयेला हंगार नावाच्या खेड्यातल्या युद्धदफनभूमीत आहे.

* * *

त्याच्या घरच्यांपर्यंत पोहोचावे अशी माझी इच्छा होती. मी माझ्या ओळखीपाळखीतून त्या आडनावाची घरे शोधली. गिरगावात, दादरला, पार्ल्याला. वेलिणकर, वेलिंगकर, दोन्ही. फोनवर मी प्रस्तावना केली की पलीकडे आधी संशय, मग कुतूहल, मग हळूहळू आपलेपणा. बहुतेकांनी सांगितले, ‘आमच्यात असे कोणी ऐकलेले नाही.’ एका तरुणाने उलट मलाच विचारले, ‘पण मग शाळेत आम्हांला हे का नाही सांगितले?’ मी शिक्षिका. उत्तर माझ्याकडे असायला हवे होते. मी म्हटले, इंग्रजांच्या बाजूने लढून मेलेला हिंदी माणूस स्वातंत्र्यानंतर कोणाचा हुतात्मा म्हणून सांगायचा, हा प्रश्न पुष्कळांना अवघड गेला. इंग्रजांना तो परका, आपल्याला त्याची नोकरी परकी. मधल्या मधे त्याचे मरण कोणाच्याच पुस्तकात नीट बसले नाही.

गिरगावातल्या एका चाळीत मात्र मला बसवून घेतले. नव्वदीला आलेल्या आजी, आडनाव तेच, नाते कसलेच नाही. दिवाळी महिन्यावर आलेली. सुना फराळाच्या याद्या करत होत्या. आजींनी सगळे शांतपणे ऐकले आणि विचारले, “तिथी कोणती?”

मी जुन्या पंचांगावरून काढून ठेवली होती. “ज्येष्ठातली. वद्य पक्षातली.”

“तिथी असू दे. शस्त्राने गेला ना? मग त्याचं चतुर्दशीला. पितृपक्षातली चतुर्दशी त्यांचीच असते.”

हे मला माहीत असायला हवे होते, कारण पंचांगात भाद्रपद वद्य चतुर्दशीपुढे ‘शस्त्रादिहत’ असे छापलेलेच असते. आजी पुढे म्हणाल्या, “ह्या वर्षीची गेली. पण धनत्रयोदशीला यमाचा दिवा लावतोच आपण दक्षिणेकडे. तो अपमृत्यूसाठीच असतो. नाव सांगा त्याचं पुन्हा.”

“श्रीकृष्ण.”

“श्रीकृष्ण,” त्यांनी म्हटले. एकसलग. शंभर वर्षांपूर्वी त्या कारकुनाने तोडलेले नाव त्यांनी विनासायास सांधून टाकले. त्या दिवसापासून इतर घरांची शोधाशोध मी थांबवली नाही, पण तिची तगमग कमी झाली.

* * *

युद्धात मेलेल्यांच्या कबरींसाठी इंग्रजांनी १९१७ मध्ये एक आयोग नेमला. त्याने त्या काळाला धीट वाटावेत असे काही नियम केले. प्रेत मायदेशी न्यायचे नाही, मग तो कितीही बड्या घरचा असो. प्रत्येकाला सारख्याच मापाची शिळा. हुद्दा, वंश, धर्म यांवरून भेद नाही. शिळेच्या पायाशी घरच्यांना आपले शब्द कोरता येत. मात्र मोकळ्या जागा धरून ६६ अक्षरांपर्यंत. इंद्रलाल रॉयच्या कबरीवर बंगाली लिपीतला मजकूर आहे. फ्रान्सच्या एका खेड्यात आपल्या मुलाशी आपल्याच लिपीत बोलायचे, हे त्या घरच्यांना सुचले, आणि साधले.

पण हे सारखेपण सगळ्यांच्या वाट्याला आले नाही. २०२१ मध्ये त्याच आयोगाने आपल्या जुन्या कारभाराची चौकशी करून अहवाल काढला. आफ्रिका आणि आशियातल्या पंचेचाळीस ते चोपन्न हजार मृतांना गोऱ्या मृतांसारखी वागणूक मिळाली नाही, आणि किमान १,१६,००० जणांची, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत जणांची नावे तर कुठे घातलीच गेली नाहीत, असे त्यात मान्य केले आहे. हे आकडे वाचले की वेलिणकराचे दैव निराळे दिसू लागते. तो अधिकारी होता, केंब्रिजचा होता, फ्रान्समध्ये पडला होता, आणि त्याच्यासाठी पत्रे लिहायला एक कर्नल होता. म्हणून वुमकरचा वेलिणकर झाला. मेसोपोटेमियात उन्हाने मेलेल्या हमालासाठी, पूर्व आफ्रिकेत तापाने गेलेल्या खेचरवाल्यासाठी पत्रे कोण लिहिणार? त्याच्या नावातले तर ‘कर’सुद्धा उरले नाही.

म्हणून मला वाटते, या दिवाळीत साफसफाईला माळ्यावरची ट्रंक खाली येईल तेव्हा ती दुकानदारासारखी नुसती वजनाने पाहू नये. एखादे जुने पदक, त्याच्या कडेवर बारीक कोरलेला क्रमांक आणि नाव, आगबोटीचे खलाशी-पुस्तक, पेन्शनचा पिवळा कागद, ‘कळविण्यास खेद होतो’ अशा अर्थाचे इंग्रजी पत्र. नाव इंग्रजीत विचित्र लिहिलेले असेल. ते मोठ्याने वाचावे, घरातल्या सर्वांत वडील माणसाला ऐकवावे. आपल्या जिभेवर ते आपोआप सरळ होते. युद्धस्मारक आयोगाच्या नोंदी आता घरबसल्या पाहता येतात. विमानदलाच्या त्या वेळच्या अधिकाऱ्यांचे कागद लंडनजवळ क्यू इथल्या अभिलेखागारात आहेत. शोधताना एकाच स्पेलिंगवर भरवसा ठेवू नये, सगळी वाकडी रूपेही करून पाहावीत. आणि सापडले की त्यांना खरे नाव कळवावे. शंभर वर्षांनीही दुरुस्ती होते.

आपल्यातली पुष्कळ कुटुंबे हल्ली युरोपला जातात. आयफेल टॉवर होतो, मोना लिसा होते. पॅरिसहून आमियाँला आगगाडीने सव्वा-दीड तास लागतो, आणि तिथून हंगार वीसेक किलोमीटर. एखाद्याने सहलीतला एक दिवस मोडून तिथे जावे. फूल नेले नाही तरी चालेल. शिळेपाशी उभे राहून त्यावरचे नाव इंग्रजी अक्षरांसारखे न वाचता, गिरगावातल्या त्या आजींसारखे, एका दमात म्हणावे: श्रीकृष्ण वेलिणकर.